फी माफ केली म्हणता, मग ऑगस्टमधे पैसे कोण भरतंय? मंत्रालयातल्या साहेबांना खुलं पत्र

मंत्रालयात बसून फी माफीच्या आणि स्कॉलरशिपच्या फायलींवर सह्या करणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

स.न.वि.वि.

मी काही शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर माझं सेतूसारखं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि लाइट गेली की अर्धा तास टिकणारा इन्व्हर्टर. पीकविमा, आधार, रेल्वेचं तिकीट, सगळंच करतो, पण ऑगस्ट ते मार्च माझ्याकडे जास्त गर्दी असते ती महाडीबीटीची, म्हणजे पोरापोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म. २०१७ मधे तुम्ही हे पोर्टल आणलं तेव्हापासून मी हेच करतोय, त्यामुळे तुमची योजना तुमच्यापेक्षा मला जास्त माहिती आहे असं म्हणणार नाही, पण ती ज्याच्यासाठी काढली त्याच्या तोंडावर ती कशी दिसते हे मी रोज तीन फुटांवरून बघतो. तुम्हाला ते तिथून दिसत नसणार, म्हणून लिहितोय.

आधीच एक कबूल करतो. एका फॉर्मचे मी शंभर रुपये घेतो. फॉर्म सेंट बॅक झाला, म्हणजे चूक काढून परत आला, कागद परत स्कॅन करून चढवायचा असला तर पन्नास. म्हणजे पोरगं जितक्यांदा परत येतं तितका माझा फायदा. तरी हे पत्र मीच लिहितोय, यावरून काय ते समजा.

आता २०२४ चंच सांगतो. जुलैत तुमचा जीआर आला, ८ जुलैचा, की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी पन्नास टक्के होती. खरंच चांगला निर्णय, मी स्वतः दुकानाच्या काचेवर त्याची प्रिंट काढून चिकटवली होती, आणि त्या वर्षी ज्या बापांनी पोरीला बीए करून मोकळं व्हायचं ठरवलेलं त्यातल्या काहींनी सीईटीचा स्कोअर काढून आणला हे मी पाहिलंय. तर असेच एक काका ऑगस्टमधे पोरीला घेऊन आले. पोरीला कॅप राउंडमधे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग लागलेलं, शहरातल्या एका खाजगी कॉलेजात. काकांच्या शर्टाच्या खिशात पेपरचं कात्रण, चार घड्या घातलेलं, घामानं ओलं. मी म्हटलं काका पेढे कुठायत, तर त्यांनी पेढ्यांऐवजी कॉलेजचा कागद पुढे केला.

त्या कागदावर होतं शिक्षण शुल्क ८२ हजार, विकास शुल्क ९ हजार, आणि खाली जिमखाना, लायब्ररी, आय-कार्ड, विमा, अनामत असं करत करत ११ हजार. बेरीज १ लाख २ हजार. खाली पेनानं लिहिलेलं, अ‍ॅडमिशन कन्फर्म करताना पूर्ण भरणे.

काका म्हणाले, "बापू, पेपरात तं लिहेल हाये का पोरीले फुकट हाये म्हणून, मंग हे काय लावलं यायनं?"

मी कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला. क्लार्क वाईट माणूस नव्हता, उलट नीट बोलला. म्हणाला दादा, सरकारचे पैसे आले की आम्ही परत देऊ, पण तोवर पगार कशातून करायचे, मागच्या वर्षीचेच अजून यायचेत. मग बरीच घासाघीस झाली, शेवटी अर्धे रोख आणि अर्ध्याचा पुढच्या तारखेचा चेक यावर मिटलं. अर्धे म्हणजे ५१ हजार.

साहेब, आता ऑगस्ट महिना म्हणजे काय ते जरा डोळ्यासमोर आणा. पेरणी होऊन गेलेली असते, बियाणं, डीएपी, तणनाशक यात होतं नव्हतं ते सगळं जमिनीत गेलेलं, दुसरी फवारणी डोक्यावर, आणि सोयाबीन घरात यायला अजून दोन-अडीच महिने. शेतकऱ्याच्या घरात वर्षात सगळ्यात कमी पैसा कधी असतो असं कोणी मला विचारलं तर मी ऑगस्टच सांगेन. आणि तुमच्या प्रवेशाचं टाइमटेबल कॉलेजात पैसे भरायला बरोब्बर याच महिन्यात बोलावतं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. ५१ हजार म्हणजे हमीभावानं साडेदहा क्विंटलच्या आसपास सोयाबीन, आणि बाजारात हमीभाव मिळाला नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तेही शेतात उभं, शेंगेत दाणा भरायचाय.

काकूंची एकदाणी होती, सव्वा तोळ्याची, लग्नातली. ती पतसंस्थेत ठेवली, ५० हजार मिळाले, व्याज दीड टक्का महिना, वरचे हजार खिशातले. फॉर्म मी भरला, तो कॉलेजच्या लॉगिनला जाऊन बसला, मग परत आला कारण उत्पन्नाचा दाखला पुसट स्कॅन झालेला, मग परत गेला, मग वरच्या डेस्कला गेला. पैसे हलले ते पुढच्या वर्षी एप्रिलमधे. आठ महिने. साडेसातशे रुपये महिना गुणिले आठ, सहा हजार रुपये व्याज.

हे सहा हजार तुमच्या कुठल्या रकान्यात येतात? मी शोधलं, नाही सापडले. मंत्रिमंडळानं या योजनेसाठी ९०६ कोटींचा जास्तीचा भार मंजूर केला तेव्हा ती बातमी मी वाचली होती, मोठा आकडा आहे, मान्य. पण त्यात एकदाणीचं व्याज नाही. म्हणजे कागदावर सरकारनं पोरीची फी भरली, आणि प्रत्यक्षात आठ महिने एका कोरडवाहू शेतकऱ्यानं सरकारला बिनव्याजी उसने दिले आणि स्वतः मात्र ते व्याजानं आणले. याला तुम्ही फी माफी म्हणता. आमच्याकडे याला उधारी म्हणतात, आणि उधारी देणारा साधारण घेणाऱ्यापेक्षा श्रीमंत असतो, इथं उलटंच आहे.

तिचा चुलतभाऊ त्याच वर्षी डिप्लोमाला गेला. तो मुलगा, त्याला राजर्षी शाहू योजनेत अर्धीच शिक्षण फी मिळते, म्हणजे त्याला अर्धी तर कायमचीच भरायची आणि उरलेली अर्धी भरून परत यायची वाट बघायची. एकाच वाड्यात दोन पोरं, सोनं मात्र एकच होतं, ते आधीच गेलेलं. त्याच्या बापानं दोन बकऱ्या आणि एक गोऱ्हा विकला. गोऱ्हा परत कसा येणार सांगा, एप्रिलमधे पैसे आले तरी.

अजून एक गोष्ट आहे ती तुमच्या जीआरमधेच लिहिलेली आहे पण तिच्यावर कोणी बोलत नाही. कॅपमधून प्रवेश पाहिजे, मॅनेजमेंट कोटा चालणार नाही, आणि खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. आता गावातल्या माणसाला विद्यापीठ म्हटलं की वाटतं सरकारी, कॉलेजपेक्षा मोठं काहीतरी, कारण त्याच्या डोक्यात विद्यापीठ म्हणजे अमरावतीचं नाहीतर नागपूरचं. गेल्या काही वर्षांत शहरांच्या बाहेर हायवेवर काचेच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, बोर्डावर मोठ्ठ्या अक्षरात युनिव्हर्सिटी, त्यांची माणसं बारावीच्या निकालादिवशी गावागावात पँफ्लेट वाटतात. आमच्या शेजारच्या गावातली एक पोरगी अशीच गेली, मुलींना सगळीकडे फुकट आहे या भरवशावर, पहिली फी भरली आणि मग माझ्याकडे फॉर्म भरायला आली. पोर्टलवर मी ड्रॉपडाऊनमधे तिच्या कॉलेजचं नाव शोधतोय, शोधतोय, येईचना. तेव्हा मला कळलं, आणि तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिनं तीनदा विचारलं, दादा स्पेलिंग बदलून बघा ना.

जाहिरात करताना "मुलींना उच्च शिक्षण मोफत" हे पोस्टरवर आणि "वगळून" हे कंसात. कंस पोस्टरवर आणा एवढंच म्हणतोय.

एससीच्या पोरांचं वेगळंच आहे. केंद्रानं २०२१-२२ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला आपला ६० टक्के वाटा थेट पोराच्या आधार लिंक खात्यात टाकायला सुरुवात केली, राज्याचा ४० टक्के वेगळा येतो. विचार चांगला होता, मधे कोणी खाऊ नये. पण खातं कोणतं? पोरगं फॉर्मवर जे लिहितं ते नाही, तर आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं गेलं ते. एक पोरगा होता, नांगरटीचा ट्रॅक्टर चालवून बीफार्म करणारा, त्याचं स्टेटस फंड डिस्बर्स्ड दाखवतंय आणि बँकेत छदाम नाही. कॉलेज म्हणतंय तुझ्या खात्यात आलेत, भर, नाहीतर हॉल तिकीट नाही. चार चकरा बँकेत. शेवटी मी त्याचं मॅपिंग चेक केलं तर पैसे गेलेले एका पेमेंट बँकेत, जे खातं त्यानं कधी उघडलंच नव्हतं, म्हणजे उघडलं होतं, दोन वर्षांपूर्वी यात्रेत छत्रीखाली बसलेल्या पोराकडून सिम घेताना अंगठा दिला तेव्हा. ते सिम पण बंद पडलेलं, ओटीपी कुठे येणार. अंगठा लावायचा म्हटलं तर ट्रॅक्टरच्या कामानं रेषा झिजलेल्या, मशीन नाही नाही म्हणतंय. लिंबू चोळून, हात गरम पाण्यात बुडवून, सातव्या का आठव्या वेळेला लागला. हसू नका, हे तंत्रज्ञान आमच्याकडे असंच चालतं.

मग लोक म्हणतात एज्युकेशन लोन का नाही काढत. काढतात ना. नियमात काय आहे ते मला पाठ आहे, बँकांच्या मॉडेल योजनेत चार लाखांपर्यंत मार्जिन (म्हणजे स्वतःच्या खिशातला वाटा) नाही आणि तारण नाही, साडेसात लाखांपर्यंतही तारण मागायचं नाही, कोर्स संपून वर एक वर्ष हप्ता नाही. हे सगळं मी पोरांना प्रिंट काढून देतो आणि ती बिचारी घेऊन बँकेत जातात. बँकेत पहिला प्रश्न, वडिलांचा सातबारा आणा. दुसरा प्रश्न, वडिलांचं पीककर्ज थकलंय का. आता कोरडवाहू भागात पीककर्ज न थकलेला बाप शोधायचा म्हणजे मोहरीचा दाणा मागायला घरोघर फिरण्यासारखं. सिबिल खराब, विषय संपला. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी आणली, तिच्यात तारण नाही जामीनदार नाही, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि दुसरी कुठली सवलत मिळत नसेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट. झकास. पण ती देशाच्या रँकिंगमधल्या वरच्या संस्थांसाठी, आणली तेव्हा ८६०. आमची पोरं ज्या कॉलेजात जातात त्यांना रँकिंग काय असतं हे विचारायची पण सोय नाही. ज्या पोराला त्या वरच्या संस्थांमधे सीट मिळाली त्याला बँक तसंही हसत कर्ज देते की हो.

कॉलेजवाल्यांना मी सरसकट शिव्या घालणार नाही. काही कॉलेजं खरंच थांबतात, काही प्राध्यापक खिशातून भरतात, मी पाहिलंय. आणि खाजगी कॉलेजची फी मनाला येईल ती नसते हेही मला माहिती आहे, २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आहे, ते खर्च बघून फी ठरवतं, कॅपिटेशन फीवर तर १९८७ पासून बंदी आहे. पण आपण इथवर आलो कसे तेही बघा. १९८३ मधे वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, तोवर आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती, ती इथं शिकू लागली, माझ्या ओळखीतले कितीतरी इंजिनिअर त्याच दारातून गेलेत. पण तेव्हापासून एक ठरून गेलं की कॉलेज चालणार ते पोराच्या फीवर. आणि तेव्हापासून सरकार कधी अर्धी, कधी पूर्ण, कधी या जातीला, कधी त्या उत्पन्नाला असं करत त्या फीच्या मागे मागे धावतंय, आणि धावताना कायम आठ महिने मागे.

योजनेला नाव दिलंत राजर्षी शाहू महाराजांचं. त्या महाराजांनी १९०१ मधे कोल्हापुरात बोर्डिंग काढायला सुरुवात केली ती अशी की पोराला आधी राहायला जागा आणि खायला भाकरी, मग शाळा. पोरानं आधी खानावळीचे पैसे भरावेत आणि पावती घेऊन दरबारात यावं, छाननी करून कळवू, असं काही त्यांनी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ मधे बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंड लावून, तीन वर्षांसाठी. दर महिन्याला. विचार करा, बाबासाहेबांना जर म्हटलं असतं की आधी न्यूयॉर्कला जाऊन फी भरा, मग बोनाफाईड अपलोड करा, पुसट असेल तर सेंट बॅक होईल. आमच्या गावातले एक रिटायर्ड मास्तर हे बोलले आणि त्या दिवशी दुकानात कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

तर माझं मागणं काय. पैसे वाढवा असं मी म्हणतच नाहीये, ते तुमचं बजेट, तुमचं तुम्ही बघा. मागणं तारखेचं आहे.

कॅप राउंडच्या वेळेला सीईटी सेलकडे पोराची सगळी कुंडली असते. जात, नॉन क्रिमिलेअर, रहिवासी, ईडब्ल्यूएसचा दाखला, सगळं स्क्रूटिनी सेंटरवर तपासून झालेलं. मग तेच दाखले महिनाभरानं मी परत दुसऱ्या पोर्टलवर का चढवतोय? एका सरकारनं तपासलेला दाखला दुसऱ्या खिडकीवर त्याच सरकारला पटत नाही, हे आम्ही पब्लिकला कसं समजावून सांगायचं. ते कागद तिथून इकडे आपोआप आले तर सीट मिळाली त्याच दिवशी ठरेल की हे पोरगं पात्र आहे की नाही. पात्र असेल तर अलॉटमेंट लेटरवरच छापा, शिक्षण फी शासनाकडून येणे, विद्यार्थ्याकडून घेऊ नये. कॉलेजला सांगा की तुझे पैसे आमच्याकडे आहेत, उशीर झाला तर व्याज आमच्याकडून घे. बघा मग फाईल कशी पळते. आज उशिराचं व्याज काकू भरतात म्हणून कोणालाच घाई नाही. ज्या दिवशी ते तिजोरीतून जाईल त्या दिवशी तुमचाच वित्त विभाग तुम्हाला दर सोमवारी फोन करेल.

पात्र पोरांकडून फी घेऊ नका अशी परिपत्रकं निघतात, मला माहिती आहे, मीच ती प्रिंट काढून देतो पाच रुपये पानाला. पोरगं ती घेऊन कॉलेजात जातं आणि क्लार्क ती वाचून ड्रॉवरमधे ठेवतो. मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नका म्हणून यूजीसीनं २०१८ मधेच सांगितलंय, तरी टीसी अडकलेली पोरं माझ्याकडे दर वर्षी येतात. तक्रार कर म्हटलं तर म्हणतात दादा, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत ना. बरोबर आहे त्यांचं. त्यामुळे परत परिपत्रक नको. पैशाचा रस्ता बदला, पोराला त्या रस्त्यावर उभंच करू नका.

आणि जे पोराला खरंच भरावं लागणार आहे, ते विकास शुल्क, ते अनामत, मेस, रूमचं भाडं (शहरात कॉट बेसिसवर एक खाट पोराच्या घरच्या लाइटबिलापेक्षा किती महाग असते ते एकदा बघून या), त्यातलं कॉलेजचं जे आहे ते ऑगस्टमधे एकरकमी न मागता दोन हप्त्यात घ्यायला लावा, दुसरा हप्ता दिवाळीनंतर. दिवाळीत सोयाबीन विकलं जातं, पुढे कापूस येतो, माणूस देणं बुडवत नाही हो, त्याच्याकडे तेव्हा पैसा असतो आणि तेव्हा त्याला कोणी मागत नाही. ऊस तुटायच्या टायमाला सोसायटीची वसुली लागते हे सहकारातल्या माणसाला शिकवावं लागत नाही, मग शिक्षणवाल्यांनाच का कळू नये.

काकांची पोरगी आता सेकंड इयर पास झाली, चांगले मार्क आहेत. एकदाणी मे महिन्यात सोडवून आणली होती, काकूंनी ती दुकानात मला दाखवायला पण आणली, रुमालात बांधून. पण पुढचं वर्ष लागलं की रिन्यूअल, परत तोच कागद, परत तेच पूर्ण भरणे, त्यामुळे ऑगस्टला ती परत पतसंस्थेत गेली. आता थर्ड इयर आहे. या वेळी काकांनी ती सोडवूनच आणली नाही, म्हणाले कशाला, तिथंच राहू दे, पोरीची डिग्री झाली की एकदमच आणू, दर वर्षी सोडवा-ठेवाचा कागद करायला पण दोनशे रुपये लागतात.

बाकी काही असेल तर दुकानात या, सकाळी नऊ ते रात्री आठ चालू असतं, रविवारी दुपारपर्यंत. काउंटरवर चार जण उभे आहेत, एकाचा उत्पन्नाचा दाखला पुसट आलाय, थांबतो.

आपला,
एसटी स्टँडसमोरचा फॉर्मवाला